अर्ध्या टक्क्याची झाकली मूठ

दसऱ्याच्या आठवड्यात पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याही सराफी पेढीत डोकावले, तरी दृश्य साधारण तेच असते. मुलीच्या लग्नासाठी मंगळसूत्र बघणारी आई, शेजारी मोबाइलवर आजचा भाव तपासणारे वडील आणि काउंटरपलीकडून कॅल्क्युलेटर पुढे सरकवणारा विक्रेता. बिलात तीन रकमा असतात : सोन्याची किंमत, घडणावळ आणि वर जीएसटी. घासाघीस होते ती घडणावळीवर. ‘बारा टक्के फार होतात हो, आठ लावा. सासूबाईंच्या वेळेपासून तुमच्याकडेच येतो आम्ही.’ विक्रेता मालकाकडे बघतो, मालक डोळ्यांनीच होकार देतो आणि सौदा नऊवर पटतो. सोन्याच्या किमतीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. भाव वरूनच ठरून आलेला असतो, त्याला कोण काय करणार?

देशाच्या हिशेबात या बिलाचे दोन तुकडे पडतात. घडणावळीचे पैसे कारागिराकडे, पेढीकडे, पेढीत पाणी देणाऱ्या पोऱ्याकडे जातात, म्हणजे देशातच फिरतात. सोन्याच्या रकमेचा बहुतांश भाग डॉलर होऊन बाहेर जातो. भारताला सर्वाधिक सोने विकतो तो स्वित्झर्लंड. तिथे सोन्याच्या खाणी नाहीत, नावाजलेले शुद्धीकरण कारखाने आहेत. ज्या रकमेवर एवढी हुज्जत झाली ती घरातली आणि जिच्यावर झाली नाही ती परमुलखातली. चालू खात्याच्या तुटीवर आपल्याकडे होणारी चर्चाही बरीचशी याच वळणाने जाते.

चालू खाते हे नाव ऐकून बँकेतले करंट अकाउंट डोळ्यांपुढे येते, पण त्याचा इथे संबंध नाही. देशाने वर्षभरात जगाला विकलेल्या वस्तू आणि सेवा, बाहेरून मिळालेले व्याज-लाभांश आणि परदेशी असलेल्या माणसांनी घरी धाडलेले पैसे एका बाजूला मांडायचे. जगाकडून घेतलेल्या वस्तू-सेवा आणि बाहेर गेलेले व्याज-नफा दुसऱ्या बाजूला. उरेल ती शिल्लक. ती उणे निघाली, तर तूट. तूट म्हणजे तोटा नव्हे. देशाने कमाईपेक्षा जास्त खर्च केला आणि फरक बाहेरच्या पैशाने भागवला, एवढाच तिचा अर्थ. तो पैसा कर्जाचा होता की भागीदारीचा, आणि त्यातून घर बांधले की वरात काढली, हे तूट सांगत नाही. ते वेगळे विचारावे लागते.

नुसती रक्कमही काही सांगत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची पाच लाखांची उधारी आणि मार्केट यार्डातल्या बड्या अडत्याची पाच लाखांची उधारी यांना एका तराजूत तोलता येत नाही. म्हणून तूट सकल देशांतर्गत उत्पादनाशी, जीडीपीशी ताडून बघतात. २०१२-१३ मध्ये भारताची तूट ८८ अब्ज डॉलर होती. दहा वर्षांनी, २०२२-२३ मध्ये, ती ६७ अब्ज होती. रकमा बघितल्या तर पाऊणपट. पण पहिली जीडीपीच्या ४.८ टक्के होती आणि दुसरी २ टक्के, कारण मधल्या काळात अर्थव्यवस्था वाढली. पहिल्या तुटीने देशाला घाम फोडला, दुसरी पचून गेली. अर्थतज्ज्ञ भारतासाठी साधारण अडीच टक्क्यांपर्यंतची तूट पेलण्याजोगी मानतात.

आणि २०२४-२५ चा आकडा आहे ०.६ टक्के. सुमारे २३ अब्ज डॉलर. दिल्लीतल्या अर्थखात्यापासून मुंबईतल्या दलालपेढ्यांपर्यंत सगळ्यांना तो सुखावणारा वाटतो. तसा तो आहेही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही. मूठ उघडून बघण्याआधी दोन जुन्या वर्षांकडे वळायला हवे, कारण हा आकडा कसा फसवतो ते त्या वर्षांनी दाखवले आहे.

पहिले अर्थातच १९९१. त्याआधीच्या आर्थिक वर्षात, १९९०-९१ मध्ये, तूट होती जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे २०१२-१३ पेक्षा कितीतरी कमी. तरीही देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेल भडकले आणि त्याच वेळी आखातातून घरी येणारे पैसे आटले. कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणावे लागले. अम्मानहून एअर इंडियाची विमाने आठवडेच्या आठवडे फेऱ्या मारत होती. उतरणाऱ्यांत केरळचे होते, गोव्याचे होते, कोकणातले होते. त्यांच्या बॅगांमध्ये जे काही होते त्याहून मोठी गोष्ट मागे राहिली होती : दर महिन्याची मनीऑर्डर. तूट भागवायला सरकारने अल्पमुदतीची कर्जे आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी वापरल्या होत्या. शंका येताच दोन्हींनी काढता पाय घेतला. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. सोने आधी गेले ते रिझर्व्ह बँकेचे नव्हे. मे १९९१ मध्ये तस्करांकडून जप्त झालेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत परत विकत घेण्याच्या बोलीवर विकले गेले. घेणारी बँक स्विस होती. चोरवाटेने देशात आलेल्या सोन्याने अडचणीत देशाची लाज राखली, यातला विनोद त्या दिवसांत कुणाला सुचला नसेल. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. ते सोने मुंबईच्या फोर्टातून सहारच्या विमानतळाकडे निघाले. वाटेत एक गाडी बंद पडली आणि बंदोबस्तावरच्या लोकांची तारांबळ उडाली, अशी आठवण रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांनी लिहून ठेवली आहे. बातमी फुटल्यावर देशभर जो आक्रोश झाला, तो आर्थिक नव्हता. घरातल्या बाईच्या अंगावरचे सोने सावकाराकडे गेल्याचा सल होता तो.

तीन टक्क्यांनी ही वेळ आणली. पुढे २०१२-१३ मध्ये ४.८ टक्के होऊनही सोने विमानात चढले नाही, कारण तोवर गंगाजळी पावणेतीनशे अब्ज डॉलरच्या वर होती. थर्मामीटरवरचा ताप सारखाच असला, तरी धडधाकट माणूस दोन दिवसांत उठतो आणि अशक्त माणूस अंथरूण धरतो.

२०१३ चा प्रसंग मात्र आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा. २२ मे रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी हळूहळू कमी करता येईल, असे सूचित केले. एवढ्यावर जगभरचे डॉलर घराकडे वळले. मॉर्गन स्टॅन्ले या गुंतवणूक बँकेने पाच नाजूक देशांची यादी काढली : ब्राझील, भारत, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका. ऑगस्टअखेर डॉलर ६८ रुपयांच्या पार गेला. आणि खापर फुटले कुणावर? सोने घेणाऱ्यांवर. २०१२-१३ मध्ये सुमारे ५४ अब्ज डॉलरचे सोने आयात झाले होते, हे खरेच. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लोकांना सोने घेऊ नका अशी कळकळीची विनंती केली. आयातशुल्क जानेवारी २०१३ मध्ये ६ टक्के, जूनमध्ये ८, ऑगस्टमध्ये १० असे चढत गेले. आयात केलेल्या सोन्यातला वीस टक्के हिस्सा निर्यातदारांसाठी ठेवण्याचा नियमही आला.

आकडा खाली आला, अगदी दिमाखात. २०१३-१४ मध्ये तूट १.७ टक्के झाली. पण मुंबईच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना बिस्किटे कंबरपट्ट्यांत, बुटांच्या तळव्यांत, इस्त्रीच्या पोटात सापडू लागली. चोरट्या सोन्याचे पैसे बँकेतून जात नाहीत, हवालातून जातात. हवालाला डॉलर लागतात आणि ते बहुधा आखातातल्या कुणा कामगाराच्या पगारातून येतात, जो एरवी बँकेतून गावी पैसे धाडणार असतो. म्हणजे सोन्याच्या आयातीत जी घट दिसली, तिचा काही हिस्सा मनीऑर्डरीच्या खात्यातून गुपचूप वळता झाला. कागदावरची तूट आणि खरी तूट यांत असे अंतर पडते.

देशाला तेव्हा खरा आधार दिला तो परदेशस्थ भारतीयांनी. रघुराम राजन यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेची सूत्रे हाती घेताच अनिवासींच्या डॉलर ठेवींसाठी सवलतीची खिडकी उघडली. तिच्यातून आणि बँकांच्या परकीय कर्जांतून मिळून सुमारे ३४ अब्ज डॉलर आले. पण भाषणांत दोष राहिला मंगळसूत्राचाच.

सोन्याबद्दलचे सरकारचे वागणे पुढेही असेच तळ्यात-मळ्यात राहिले. २०१५ मध्ये सुवर्णरोखे आले : सोने घरात ठेवण्याऐवजी कागद ठेवा, वर व्याज घ्या. पहिल्या मालिकेचा भाव होता ग्रॅमला २,६८४ रुपये. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सरकारने त्याची परतफेड केली ती ६,१३२ रुपयांनी. फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका आली नाही. मग जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर उतरवले. २०२४-२५ मध्ये आयात झालेल्या सोन्याचे वजन आदल्या वर्षाहून कमी भरले, ७९५ टनांवरून ७५७ टन. बिल मात्र ४५ अब्जांवरून ५८ अब्ज डॉलरवर गेले. लोकांनी सोने कमी घेतले आणि देशाने पैसे जास्त मोजले. आता गृहिणीला दोष कसा द्यायचा?

आता मूठ उघडू. २०२४-२५ मध्ये वस्तूंच्या व्यापारातली तूट होती सुमारे २८७ अब्ज डॉलर. जीडीपीच्या सात टक्क्यांहून जास्त. नुसता हा आकडा कुणासमोर ठेवला, तर तो थायलंडची आठवण काढेल. तिथे १९९६ मध्ये चालू खात्याची तूट आठ टक्क्यांच्या आसपास होती, पैसा बँकॉकच्या रिकाम्या टॉवरांमध्ये अडकला होता आणि २ जुलै १९९७ रोजी बाथ कोसळला. भारताचे तसे झाले नाही, कारण दोन हातांनी हा खड्डा भरला. सेवांच्या निर्यातीतून निव्वळ १८९ अब्ज डॉलर मिळाले आणि परदेशातल्या भारतीयांनी सुमारे १३५ अब्ज डॉलर घरी पाठवले. नफा-व्याजापोटी बाहेर गेलेली रक्कम वजा केली, की राहते ती अर्ध्या टक्क्याची तूट.

म्हणजे ०.६ टक्के ही भारतीय कारखान्यांची कमाई नाही. ती हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्री अकरा वाजता मीटिंग घेणाऱ्या मुलीची आणि अबुधाबीत बांधकामाच्या परांचीवर उभ्या असलेल्या माणसाची कमाई आहे. एक देशात बसून बाहेरचे काम करते, दुसरा बाहेर जाऊन करतो. दोघांचे श्रम निर्यात होतात, इतकेच. महाड, श्रीवर्धन, खेड या बाजूच्या कित्येक गावांत घरांचे मजले मोजले, तरी आखातात कोण किती वर्षे राहिले याचा अंदाज येतो. स्लॅब पडतो तो भाऊ सौदीला गेल्यावर, ग्रिल आणि टाइल्स येतात ते दुसरा भाऊ गेल्यावर, आणि दोघे परत आले, की वरचा मजला तसाच उघड्या विटांचा राहतो.

यात महाराष्ट्राचा वाटा किती, हे फार थोड्यांना माहीत असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आले आणि १९.७ टक्के केरळमध्ये. केरळचे नाव सगळ्यांच्या तोंडी, क्रमांक पहिला मात्र महाराष्ट्राचा. मुंबईत खाते असलेल्या इतर प्रांतांच्या लोकांचे पैसे त्यातून वगळले, तरी हा वाटा लहान ठरणार नाही. त्याच पाहणीतून आणखी एक सरकलेली गोष्ट कळते. सर्वाधिक पैसे आता अमिरातीतून येत नाहीत, अमेरिकेतून येतात : २७.७ टक्के. अमिरातीचा वाटा १९.२. पदवी घेऊन गेलेल्यांनी हत्यारे घेऊन गेलेल्यांना मागे टाकले आहे.

हे भूषणावह आहे, पण त्यामुळे दोन्ही हात एकाच मनगटाला जोडले गेले. सेवांची सर्वात मोठी बाजारपेठ अमेरिका, मनीऑर्डरीचा सर्वात मोठा उगम अमेरिका. वॉशिंग्टनमध्ये २०२५ मध्ये परदेशी पैसे पाठवण्यावर पाच टक्के कर लावायचे घाटत होते. तो घसरत घसरत एक टक्क्यावर आला आणि तोही मुख्यतः रोखीच्या व्यवहारांपुरता. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेचे काय व्हायचे ते होवो, या दोन घोषणांनीच हे पुरेसे कळले, की भारताच्या चालू खात्याचे दोन आधार दुसऱ्या देशाच्या संसदेच्या आणि अध्यक्षांच्या मर्जीवर उभे आहेत. १९९० मध्ये हा आधार कुवेत होता. तो एका रात्रीत गेला.

वस्तूंच्या खड्ड्यातला सर्वात मोठा भाग तेलाचा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी जवळपास ८८ टक्के बाहेरून येते, वर्षाला सुमारे २४ कोटी टन. पिंपात मोजले, तर पावणेदोन अब्जांच्या आसपास. पिंपामागे दहा डॉलर वाढले, की बिल १७-१८ अब्ज डॉलरने वाढते. २०२४-२५ ची सगळी तूटच २३ अब्ज होती, हे आठवले, की त्या दहा डॉलरचे वजन कळते. जामनगरसारख्या ठिकाणांहून शुद्ध करून निर्यात होणारे तेल त्यातून वजा होते, पण सगळे नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळून त्याला थोडा पायबंद बसला, आणि त्यात महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा हातभार मोठा आहे. थोडा म्हणजे थोडाच.

तरीही तूट म्हटली, की ती शून्यावर आणण्याचा आग्रह धरणारे चुकतात. ऑस्ट्रेलियाच्या चालू खात्याने १९७५ नंतर थेट २०१९ मध्ये पहिल्यांदा तिमाही शिल्लक दाखवली. मधली चाळीसहून अधिक वर्षे सतत तूट, अनेकदा चार-पाच टक्क्यांची, आणि देश त्या काळात भरभराटीला आला, कारण बाहेरचा पैसा खाणींत, बंदरांत, रेल्वेत गेला. उलट भारताच्या चालू खात्यात २०२०-२१ मध्ये ०.९ टक्के शिल्लक होती. ते वर्ष कुणाला समृद्धीचे म्हणून आठवते? दुकाने बंद, गाड्या उभ्या, लग्ने पुढे ढकललेली आणि मजूर मुंबई-आग्रा रस्त्याने पायी निघालेले. आयात कमी झाली, कारण घेणाऱ्याकडे पैसे नव्हते. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जांची फेड थांबवली आणि २०२३ मध्ये तिच्या खात्यात शिल्लक आली. गॅस सिलिंडरसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या कोलंबोच्या माणसाचे त्या शिल्लकेबद्दल अभिनंदन कुणी करू नये.

म्हणून अर्ध्या टक्क्याच्या तुटीकडेही जरा संशयाने बघायला हवे. तूट ही दुसऱ्या बाजूने बघितली, तर देशातली गुंतवणूक आणि देशातली बचत यांतला फरक असते. गुंतवणुकीची भूक वाढली, की तूट वाढते. ती लहान आहे, याचे एक कारण खासगी कारखानदार अजून हात आखडून आहे, हेही असू शकते. थेट परकीय गुंतवणुकीचा हिशेब याला दुजोरा देतो. २०२४-२५ मध्ये बाहेरून ८१ अब्ज डॉलर आले, पण जुन्या गुंतवणूकदारांनी नफा काढून नेला, भारतीय कंपन्यांनी बाहेर पैसे लावले आणि निव्वळ हातात एक अब्ज डॉलरही उरले नाहीत. तूट लहान, आणि ती भरणारा टिकाऊ पैसा त्याहून लहान. त्याचा परिणाम २०२५ च्या डिसेंबरात दिसला. डॉलर नव्वद रुपयांच्या पार गेला, तेव्हा तूट दीड टक्क्याच्या आतच होती. प्रमाण चांगले असूनही रुपया घसरतो, हे ज्यांना कोडे वाटले, त्यांनी १९९१ नीट वाचले नव्हते.

दर तिमाहीला एक गंमतही होते. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत बऱ्याचदा खाते शिलकीत येते. २०२५ मध्ये ते १३.५ अब्ज डॉलरने आले, जीडीपीच्या १.३ टक्के. मग ‘तूट संपली’ असे मथळे झळकतात. सणासुदीच्या तिमाहीत सोने-तेलाची बिले येतात आणि तेच मथळे ‘तूट वाढली’ म्हणतात. श्रावणात उपास केला आणि दिवाळीत फराळ झाला, म्हणून कुणाचे वजन ठरत नाही.

या सगळ्यात सरकारच्या हातात काय असते? तेलाचा भाव नसतो, अमेरिकी व्हिसा नसतो. हातात असते आयातशुल्क, आणि ते हाताशी असल्यामुळे तेच सर्वात जास्त फिरवले जाते. त्याची झळ कुणाला बसते, हे बघायला लातूरच्या बाजार समितीत जावे लागेल.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४. सौद्याची वेळ. सोयाबीनचे ढीग ओळीने पडलेले. अडत्याचा माणूस मुठीत दाणे घेतो, तळहातावर फुंकर मारून काडी-माती उडवतो आणि मग मॉइश्चरचे यंत्र येते. पावसाने उशिरापर्यंत पाठ सोडलेली नाही, त्यामुळे आकडा चौदा-पंधरा दाखवतो. सरकारी खरेदीची अट बाराची. निवडणुकीच्या तोंडावर केंद्राने ती पंधरावर नेली, तोवर बऱ्याच जणांनी माल व्यापाऱ्याला देऊन टाकलेला. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. शेतकरी पावती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवतो आणि अडत्याला विचारतो, ‘मालक, तेल तर महागलंय म्हणतात, मग सोयाबीन कसं पडलं?’ अडत्या खांदे उडवतो.

प्रश्न अचूक आहे. भारत वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो, गरजेच्या निम्म्याहून जास्त. इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल, अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयातेल, रशिया-युक्रेनचे सूर्यफूल. कच्चे तेल आणि सोन्याप्रमाणे हेही चालू खात्यातले मोठे भगदाड. फरक इतकाच, की हे बुजवण्याची ताकद मराठवाड्या-विदर्भाच्या काळ्या मातीत आहे, स्वित्झर्लंडच्या कारखान्यात नाही. त्यासाठी शेतकऱ्याला चार-पाच वर्षे तरी एकच धोरण दिसायला हवे. दिसते ते उलट. महागाई वाढली, की शुल्क उतरते आणि तूट वाढली किंवा निवडणूक आली, की चढते. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. शेतकऱ्याला तेव्हा फारसे काही मिळाले नाही, पण निदान दिशा तरी कळली होती.

चालू खात्याची काळजी खरोखरच असेल, तर अर्थखात्याने अर्ध्या टक्क्याबद्दल स्वतःची पाठ थोपटण्याआधी एवढे करावे : खाद्यतेल आणि सोन्यावरच्या शुल्काचे वेळापत्रक किमान पाच वर्षांसाठी जाहीर करावे, त्याला हात लावू नये, आणि आखातातून वा अमेरिकेतून परतणाऱ्या माणसाच्या पैशाला कारखान्याची वाट दाखवावी, नुसती वरच्या मजल्याची नव्हे. हे अवघड नाही. फक्त ते पुढच्या तिमाहीच्या मथळ्यात दिसणार नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर नेलेले ते शुल्क ३० मे २०२५ रोजी निम्म्यावर, १० टक्क्यांवर आणले गेले. लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याने तोवर सोयाबीनचे बियाणे घरात आणून ठेवले होते आणि पेरणी तोंडावर आली होती.